आमची वाटचाल : दोष शिरतो कोठून?

सोलापुरातील टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांसाठी सूतसाठा, मजुरी व बिलिंगच्या संगणक प्रणाली तयार करणे हा आमच्या छोट्या संस्थेचा व्यवसाय. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून कामे येऊ लागली, माणसे वाढली आणि प्रत्येक काम मालकाने स्वतः नजरेखालून घालणे अशक्य झाले.

म्हणून कामाचे मोजमाप करायचे ठरले; पण मोजायचे काय, यावर बराच खल झाला. कोडच्या ओळी मोजणे सोपे, पण जाणता प्रोग्रामर तेच काम कमी ओळींत करतो, म्हणून तो निकष बाद झाला. कामाचा आवाका ठरवण्यासाठी आयबीएमच्या ॲलन आल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये मांडलेली फंक्शन पॉइंट पद्धत, म्हणजे प्रणाली वापरणाऱ्याला कोणकोणती कामे करून देते ते मोजण्याची रीत, घेतली; गुणवत्तेसाठी अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ व्हिक्टर बॅसिली यांचा क्रम पत्करला : आधी उद्दिष्ट, मग प्रश्न, शेवटी माप.

मजुरीवाटपाच्या दिवशी कारखान्यातून तक्रारीचा फोन येऊ नये, हे आमचे उद्दिष्ट. त्यासाठी प्रणालीत सापडणाऱ्या दोषांच्या, म्हणजे चुकांच्या, नोंदवहीत ‘कोठे सापडला’ याच्या शेजारी ‘कोठे शिरला’ हा रकाना घातला आणि त्यानेच सारे चित्र पालटले. बहुतेक दोष कोड लिहिण्याआधीच, गरजा समजून घेतानाच्या बोलण्यात शिरलेले निघाले. सूत किलोवर दिले जाते, टॉवेल डझनावर विकला जातो, मजुरी नगावर. मग मागावर विणून झालेला पण अजून न कापलेला माल कोणत्या आठवड्यात धरायचा? शेठ याचे उत्तर एक देतात, जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, दुसरे, आणि खरा व्यवहार बहुधा जॉबरच्या सांगण्याप्रमाणे चालतो.

म्हणून आता पहिली बैठक कार्यालयात नव्हे, शेडमध्ये होते. मागील आठवड्याचे रजिस्टर घेऊन दिवाणजी आणि आमचा माणूस पूर्ण मजुरी कागदावर काढतात. दोघांचा आकडा जुळल्यावरच कोड सुरू होतो आणि तोच कागद पुढे चाचणीला वापरला जातो. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलावे लागते, हा भाग वेगळा.

दोषांची संख्या कोणाच्याही पगारवाढीशी जोडायची नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो, कारण तसे केले की दोष कमी होत नाहीत, नोंदी कमी होतात. अलीकडे दुरुस्तीला लागणारा वेळही मोजतो. त्यात सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, पाहतो, कारण रेंगाळलेली एखादीच तक्रार सरासरी फुगवून ठेवते आणि अशा तक्रारीची चौकशी स्वतंत्रच करावी लागते.