दमट हवेतही नाकानेच श्वास का?

"आपल्याकडे हवा मुळातच दमट, मग तोंडाने श्वास घेतला तर काय बिघडलं?" कोकणात हे हमखास ऐकू येतं. हिशेब करून बघा. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली, तर हवेत घनमीटरमागे साधारण २५ ग्रॅम पाणी असतं. फुप्फुसात पोचेपर्यंत ती ३७ अंशांची होते आणि तिला ४४ ग्रॅम लागतं. वरचं १९ ग्रॅम अंगातूनच जातं. नाक त्यातलं काही उच्छ्वासात परत राखून घेतं; तोंडाला ती काटकसर जमत नाही. म्हणून आ वासून झोपणाऱ्याचा घसा भर आषाढातही कोरडा पडतो.

दुसरं, नाकाभोवतीच्या सायनसमध्ये, म्हणजे हाडांतल्या पोकळ्यांत, नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर तो फुप्फुसात उतरून तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. भ्रामरी प्राणायामासारख्या गुंजनाने नाकातलं त्याचं प्रमाण सुमारे १५ पट वाढल्याचं २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नोंदवलं. (तेवढ्याने सर्दी पळते असं मात्र नाही.)

पण नाकच चोंदलेलं असेल तर? भिंतींची ओल, कपाटातली बुरशी, चार महिने ऊन न लागलेल्या गोधड्या ही इथली नेहमीची कारणं. उघडीप मिळाली की आधी अंथरूण उन्हात टाका. मग जलनेती, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं.

अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचा सपाट पाऊण छोटा चमचा. खडेमीठ चमच्याने मोजू नका, दाण्यागणिक माप चुकतं. विहिरीचं पाणी कितीही नितळ दिसो, खळखळून किमान एक मिनिट उकळा आणि झाकून कोमट होऊ द्या. कच्च्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. वाकून मान एका बाजूला कलती करा, तोंडाने श्वास चालू ठेवा आणि वरच्या नाकपुडीत धार सोडा. झोंबलं तर मिठाचं माप चुकलं. नंतर दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे सरकतं.

नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन दिवसांच्या वर नकोत. पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं.

लहान मूल रोज तोंड उघडं टाकून घोरत असेल तर अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेत का, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. आणि झोपताना ओठांवर चिकटपट्टी लावायचं जे खूळ आलंय, ते चोंदलेल्या नाकावर किंवा मुलांवर अजिबात करू नका.