गब्बर मेला की पकडला गेला?

आमच्या घरात 'शोले' हा विषय निघाला की अण्णा पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतात, "कुठला?" बाहेरच्या माणसाला तो चक्रम वाटतो. पण ज्याच्या घरात नऊ वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालली, त्याला तो बरोबर कळतो.

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून दोन मिनिटांवर अण्णांचं दुकान होतं. दहा बाय बाराचा गाळा, तीन भिंतींना कॅसेटची मांडणी, चौथीला शटर. कॅसेट रोजच्या भाड्याने, व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही रात्रीच्या भाड्याने. माझ्याकडे व्हीसीआरचं हेड साफ करायचं काम असे. स्पिरिटमध्ये बुडवलेलं शामॉयचं कातडं ड्रमवर टेकवायचं आणि ड्रम हाताने हळू फिरवायचा. कातडं वर-खाली हललं तर हेड तुटतं आणि मग कानाखाली आवाज निघतो, हे दोन्ही मी एकदा करून बघितलंय.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, आणि डॉक्टरांच्या इंग्लंडातल्या नातेवाइकांनाही नाही. १९९१ च्या मे महिन्यात असेच एक डॉक्टर इंग्लंडहून आलेली 'शोले'ची कॅसेट घेऊन दुकानात आले. म्हणाले, "ही जरा शेवटपर्यंत बघा." दुकानात 'शोले'च्या तीन प्रती होत्याच. त्यामुळे अण्णांनी ती रात्री घरी आणली ती केवळ डॉक्टरांच्या शब्दाखातर. मी बारा वर्षांचा होतो आणि सिनेमा मला पाठ होता. म्हणजे दृश्यं नव्हे, संवाद. आमच्या गल्लीच्या गणपतीत आरती संपली की 'शोले'च्या संवादांची कॅसेट लागायची.

शेवट आला. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवतोय. आता जीप येणार, इन्स्पेक्टर हात वर करणार, कायद्याची आठवण करून देणार. जीप आलीच नाही. ठाकूर थांबला नाही. ज्या खांबांपाशी त्याचे हात तोडले होते, तिथेच गब्बर मेला. आणि मग ठाकूर रडायला लागला.

आई म्हणाली, "अगं बाई!" मी तोंड उघडं टाकून बसलो. अण्णा उठले, कॅसेट बाहेर काढली, उलटसुलट बघितली आणि निकाल दिला, "डुप्लिकेट आहे. गब्बरचा आवाज बघ किती बारीक आहे."

हा आवाजाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या कॅसेटची गोष्ट आता बहुतेकांना माहीत आहे. दिग्दर्शक रमेश सिप्पींनी चित्रित केलेला मूळ शेवट हाच. पण सिनेमा सेन्सॉरकडे गेला तेव्हा आणीबाणी लागलेली. निवृत्त पोलीस अधिकारी स्वतःच्या पायांनी दरोडेखोराला ठार मारतो, हे चालणार नाही, असं बोर्डाने बजावलं. सिप्पी भांडले, पण १५ ऑगस्ट १९७५ ही तारीख ठरलेली होती. संजीवकुमार रशियात होता, त्याला बोलावून घेतलं, चित्रीकरण झालं होतं त्याच, कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत पुन्हा सेट लावला आणि पोलीस आणले. गब्बर अहमदला मारतो ते दृश्यही कात्रीत गेलं; अहमद म्हणजे सचिन. पंधरा वर्षं जगाने पोलीसवालाच 'शोले' बघितला. मूळ शेवट पहिल्यांदा बाहेर आला तो १९९० मध्ये, ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हीएचएसवर.

दुकानात या कॅसेटवरून जे रणकंदन झालं ते महिनाभर पुरलं. सायकल दुकानवाले काका अण्णांचे जिवलग. ते छाती ठोकून म्हणाले, "यात नवीन काय? मी पहिल्याच आठवड्यात मुंबईला मिनर्व्हा टॉकीजात बघितलाय. तेव्हा गब्बर मरायचा. नंतर कापलं." अण्णा म्हणाले, "तू मुंबईला गेला होतास ते रेल्वेच्या परीक्षेला, आणि नापास होऊन आलास." परीक्षा आणि सिनेमा यांचा एकमेकांशी काय संबंध ते मला तेव्हाही कळलं नाही. पण आज मी खात्रीने सांगतो, काकांची आठवण खोटी आहे. प्रमाणपत्र मिळालं तेच बदललेल्या शेवटाला. पहिल्या दिवसापासून मिनर्व्हातही पोलीस वेळेवर पोहोचत होते. गंमत अशी की असे काका मला पुढे किमान सात-आठ भेटले. पुण्यात, नागपुरात, एक तर चक्क बेळगावात. प्रत्येकाने 'पहिल्या आठवड्यात' गब्बरला मरताना बघितलं होतं.

पुढे मी नोकरीला पुण्यात आलो आणि माझ्याहून बिघडलेला एक माणूस भेटला. त्याच्याकडे 'शोले'च्या दोन डीव्हीडी होत्या आणि एक वही होती. वहीत डावीकडे एका डीव्हीडीची मिनिटं-सेकंद, उजवीकडे दुसरीची, मधे फरक. आमची मैत्री त्या वहीवर झाली.

अडचण अशी होती. एका डीव्हीडीवर २०४ मिनिटांचा, गब्बर मरणारा सिनेमा होता, पण चौकोनी, जुन्या टीव्हीच्या आकारात. दुसरीवर १९८ मिनिटांचा पोलीसवाला होता, आणि तो रुंद पडद्याचा. 'शोले' मुळात ३५ मिमीवर चित्रित झाला आणि लंडनला नेऊन ७० मिमीवर मोठा केला. म्हणजे छायालेखक द्वारका दिवेचांनी चौकट लावली ती रुंद पडद्यासाठी. निगेटिव्हवर वर-खाली जे जास्तीचं होतं ते पडद्यावर यायचंच नव्हतं. चौकोनी प्रतीत ते सगळं दिसतं. पात्रांच्या डोक्यावर भलतंच आभाळ, पायांखाली भलतीच माती. घोड्यावरचा गब्बर कसा, तर ताटाच्या मधोमध ठेवलेल्या लिंबाच्या फोडीसारखा. म्हणजे शेवट बरोबर हवा तर चौकट चुकीची, चौकट बरोबर हवी तर शेवट चुकीचा.

मग आम्ही तेच केलं जे असले वेडे जगभर करतात. दोन्ही संगणकावर घेतल्या, चौकोनी प्रत वरून-खालून कापून रुंद प्रतीशी जुळवली, आणि नसलेले तुकडे योग्य जागी बसवले. चौदा रविवार गेले. नवे तुकडे आले की रंग बदलायचा. रामलाल बुटांना खिळे ठोकतोय तो तुकडा विटकरी, त्याच्या मागचा-पुढचा निळसर. मित्राची बायको एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाली, "गोधडी छान झालीये." आमच्या त्या प्रतीचं नाव तेव्हापासून गोधडीच. ती आम्ही दोघांशिवाय कुणाला दिली नाही. विकायचा तर प्रश्नच नव्हता, सिनेमा काही आमच्या तीर्थरूपांचा नव्हता.

याच कामात अण्णांच्या 'डुप्लिकेट'चा उलगडा झाला. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी (फ्रेम) चालतो. आपल्याकडचा आणि इंग्लंडमधला जुना टीव्ही २५ ने. त्यामुळे कॅसेट करताना सरळ सिनेमा तेवढा वेगाने पळवायचे. चार टक्के. २०४ मिनिटांचा सिनेमा १९६ मिनिटांत उरकतो. लांबीवरून होणारी निम्मी भांडणं ('माझ्या कॅसेटमध्ये आठ मिनिटं कमी आहेत, नक्की काहीतरी कापलंय!') या चार टक्क्यांची असतात. आणि वेग वाढला की आवाजही चढतो. काळी एकचा थेट पुढचा सूर, पांढरी दोन, होत नाही, पण निम्म्याहून जास्त वाट चालून जातो. आता ज्या माणसाचं दुकान सतारमेकर गल्लीशेजारी, जो दुपारी गिऱ्हाईक नसताना तंबोऱ्याच्या जवारीवर गप्पा मारत बसायचा, त्याच्या कानाला हे खुपणारच. दुकानातल्या बाकीच्या तीन कॅसेटही तशाच पळत होत्या, पण त्या त्यांनी कधी शेवटपर्यंत बसून ऐकल्या नव्हत्या. त्यांचा गब्बर १९७६ मधला, टॉकीजमधला. मी फोन करून सगळं समजावलं. ते म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो?"

आणखी एक गंमत. अमजद खानचा आवाज गब्बरच्या मानाने बारीक आहे, दुसऱ्याकडून डब करून घ्यावा, असा विचार सिनेमा बनताना झालाच होता. त्या आवाजावर वरून चार टक्के चढवायचे म्हणजे अन्यायच.

आता मूळ म्हणजे कुठला, या वादात मी कुठे आहे ते सांगतो. सिप्पींचा शेवट सिप्पींना परत मिळायला हवा, यात वाद नाही. तो जास्त चांगलाही आहे. ठाकूरच्या रडण्याने सूड जिंकल्यासारखा वाटतच नाही. पण म्हणून पोलीसवाला शेवट 'खोटा' म्हणून कचऱ्यात टाकायला निघालेल्या मंडळींशी माझं जमत नाही. ती जीप आणीबाणीची आहे. ७५ सालचं सरकार पडद्यावर कसं दिसायचं, हे बघायचं असेल तर ती बघा.

आणि कात्रीने दर वेळी वाटोळंच केलं असंही नाही. अहमद पकडला जातो. गब्बर आडवा पडलाय, हातावरून मुंगी चाललीय. तो तिच्याकडे बघतो आणि चापट मारतो. पुढे थेट घोड्यावरून प्रेत गावात येतं. खुनाच्या कापलेल्या दृश्याचं एक छायाचित्र फिरत असतं, त्यात गब्बरने सचिनचे केस धरलेत. ते बघून मला दर वेळी वाटतं, या मुंगीपुढे याची काय बिशाद? 'शोले'ला फिल्मफेअरमध्ये नऊ नामांकनं होती आणि पुरस्कार मिळाला एकच, संकलनाचा, माधव शिंदे यांना. आपल्या मराठी माणसाला, हे मी मुद्दाम सांगतो, कारण जय-वीरूचे बूट कुठल्या नंबरचे हे सांगणाऱ्यांना शिंद्यांचं नाव आठवत नाही.

शिवाय 'मूळ ७० मिमी, स्टिरिओ' असा जप करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की तो मिनर्व्हासारख्या मोजक्या ठिकाणीच होता. प्रीमियरला तर तिथेही ७० मिमीची प्रिंट वेळेत पोहोचली नव्हती, ३५ वर भागवलं. नाणं उडवल्यावर ते आपल्या खुर्चीखाली पडल्यासारखा आवाज यायचा, लोक वाकून बघायचे, हे मुंबईचं सुख. आमच्या टॉकीजला ३५ मिमी, एकच भोंगा, आणि तिसऱ्या रिळापासून उभ्या रेघांचा पाऊस. अण्णांसाठी तोच मूळ. बहुतेक महाराष्ट्रासाठी तोच. २०१४ मध्ये त्रिमितीतला आला, तो मात्र कुणासाठीच मूळ नव्हता. त्यावर इतकंच.

मग फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी हे काम मनावर घेतलं. जवळजवळ तीन वर्षं लागली. ७० मिमीची एकही प्रिंट उरलेली नव्हती, मूळ निगेटिव्ह फार खराब झालेली. काही डबे मुंबईच्या गोदामात सापडले, काही ब्रिटनमधल्या. काम इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत झालं आणि २७ जून २०२५ ला तिथल्याच चौकात, उघड्यावर, पहिला खेळ झाला. शेवट मूळ, चौकटही ७० मिमीची. मित्राने मला बातमी पाठवली, खाली लिहिलं होतं, "गोधडी धुवायला टाकली."

१२ डिसेंबरला तो आपल्याकडे लागला. मी अण्णांना मिरजेहून आणलं. वय अठ्ठ्याहत्तर, एका कानाला यंत्र. मल्टिप्लेक्समध्ये शिरल्यावर त्यांनी आधी मागे वळून प्रोजेक्टरची खिडकी कुठे आहे ते बघितलं, मग तिकिटाच्या दरावरून मला ऐकवलं, मग बसले. रामनगरचे खडक पडद्यावर आले. इतके स्वच्छ की दगडावरची खळगी न् खळगी दिसावी. मी अण्णांकडे बघत होतो. ते डोळे मिटून होते. मला वाटलं, झोपले.

'कितने आदमी थे' आलं. आधी नुसते बूट, खडकावर घासत जाणारा पट्टा, आणि मग तो आवाज. अण्णांनी डोळे न उघडता माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, तंबोरा लागला की ठेवायचे तशी. म्हणाले, "हां. हा."

पुढचं त्यांनी बघितलं की ऐकलं, देव जाणे. शेवटाला पोलीस आले नाहीत, गब्बर मेला, ठाकूर रडला. मागच्या रांगेतला एक मुलगा मैत्रिणीला म्हणाला, "अरे, हे चेंज केलंय." मी वळून सांगणार होतो, अण्णांनी हात दाबला.

गाडीत बसल्यावर त्यांनी सायकल दुकानवाल्या काकांना फोन लावला. स्पीकरवर. काकांचं दुकान आता नातू चालवतो, गुडघे गेलेत, आवाज मात्र तोच.

"अरे, गब्बर मेला बघ."

पलीकडे क्षणभर शांतता. मग काका कडाडले, "पन्नास वर्षं मी काय बोंबलतोय? मिनर्व्हात! पहिल्या आठवड्यात!"

मी तोंड उघडलं. अण्णांनी मान हलवून मला गप्प केलं आणि फोनमध्ये म्हणाले, "होय बाबा. बघितलास तू."