मागच्या रांगेत, डावीकडून तिसरा

हौशी फुटबॉल संघाच्या जुन्या खेळाडूंबद्दल बोलताना माणसं हमखास थापा मारतात. मनात पाप नसतं. पण पेनल्टी बॉक्सच्या रेषेवरून मारलेला गोल पाच वर्षांनी पंचवीस यार्डांवरचा होतो, आणि आणखी दहा वर्षांनी थेट मैदानाच्या मध्यावरचा. पुढे कधीतरी त्यात पाऊसही पडायला लागतो. हटकणार कोण? पुरावाच नाही. व्यावसायिक खेळाडूचं तसं नसतं. त्याचा प्रत्येक गोल चार बाजूंनी टिपलेला असतो, तो किती किलोमीटर पळाला तेही कोणीतरी मोजून ठेवलेलं असतं. त्याच्याबद्दल थाप मारायची सोयच उरलेली नाही. आमच्या सेंटर फॉरवर्डची सगळी कारकीर्द मात्र आज मोजक्या लोकांच्या तोंडी शिल्लक आहे, आणि त्या लोकांचं आपसात अजिबात पटत नाही.

एकाच गोलाबद्दल दोघे शपथेवर बोलतात. एक म्हणतो, त्याने उजव्या पायाने मारला. दुसरा म्हणतो, त्याला उजवा पाय होताच कुठे, तो फक्त उभं राहण्यासाठी. तिसरा सांगतो की तो गोल त्याने मारलाच नव्हता, बॅकच्या गुडघ्याला लागून चेंडू आत गेला होता. ज्याने मारला त्याला विचारावं, तर तो नुसता हसतो. नाही म्हणून गोल गमावायची त्याची तयारी नसते, आणि हो म्हणून अंगावर पुरावे घ्यायचीही नसते.

हे फक्त आपल्याकडच्या छोट्या संघांचं होतं असं कोणी समजू नये. १९५०च्या विश्वचषकात ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते इथे अमेरिकेने इंग्लंडला १-० असं हरवलं. इंग्लंडकडे पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू, तर अमेरिकेचे बहुतेक जण नोकरी सांभाळून खेळणारे. गोलकीपर फ्रँक बोर्गी एरवी शववाहिका चालवायचा, वॉल्टर बार शाळेत शिकवायचा, हॅरी किओ टपाल वाटायचा. गोल करणारा जो गेटजेन्स हैतीहून शिकायला आलेला. शिक्षणाच्या खर्चासाठी तो हॉटेलात भांडी विसळायचा. बारने दुरून चेंडू मारला, गेटजेन्सच्या डोक्याला लागून तो आत गेला. इथून पुढे भांडण. काहींच्या मते गेटजेन्सने झेप घेऊन तो बरोबर वळवला, काहींच्या मते तो वाटेत आला आणि चेंडू त्याच्यावर आपटला. विश्वचषकातल्या इतक्या मोठ्या निकालाबद्दल जर एकमत होत नसेल, तर आमच्या गुडघ्याच्या गोलाबद्दल काय होणार? आणि बारने किती दुरून मारला होता, तर पंचवीस यार्डांवरून, असं सांगतात. हा आकडा वाचला तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पुरावा म्हणून जे काही असतं ते म्हणजे संघाचा फोटो. असे फोटो जगभर एकाच ठेवणीचे. मागे उभे, छातीवर हातांची घडी. पुढे खुर्च्यांवर बसलेले, मुठी गुडघ्यांवर. मधोमध कप्तान, त्याच्या पायांशी चेंडू, आणि चेंडूवर पांढऱ्या रंगाने घातलेलं साल. गोलकीपर लगेच ओळखू येतो, कारण त्याचा जर्सी वेगळ्या रंगाचा. १९०९ साली नियम होईपर्यंत गोलकीपरही इतरांच्याच रंगाचा जर्सी घालायचे. कृष्णधवल फोटोत रंग कळत नाही, पण छटेचा फरक पुरतो. आमच्या फोटोत गोलकीपर काळपट दिसतो. त्या जर्सीचा खरा रंग कोणता होता यावरही एक स्वतंत्र वाद आहे, त्यात मी पडत नाही.

माझा जीव अडकलाय तो मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या माणसात. तो कोण हे कोणालाच सांगता येत नाही. फोटोमागे कोणीतरी पेन्सिलीने नावं लिहिली होती, पण नेमकी त्याच्यापाशी घडी पडून अक्षरं उडाली. कोणी म्हणतं राखीव खेळाडू, कोणी म्हणतं एकाच सामन्यापुरता आणलेला पाहुणा. फोटोवाल्याचा ओळखीचा असेल, सहज उभा राहिला असेल, असंही एक मत आहे. पण त्याच्या अंगात जर्सी आहे, आणि तो त्याला मोठा होतोय. बाह्या कोपराखाली आल्यात. म्हणजे जर्सी दुसऱ्याचा. आणि ज्याचा तो जर्सी, त्याच्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे: तो आमचा सर्वांत चांगला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. त्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती. सुटी मिळाली नाही. त्यामुळे ज्याचं नाव आजही निघतं तो फोटोत नाही, आणि जो फोटोत आहे त्याचं नाव निघत नाही.

नाहीतरी फोटो आणि फुटबॉल यांचं पहिल्यापासून जमलेलं नाही. पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला. छायाचित्रकार आला होता. पण प्रती विकत घेऊ अशी हमी खेळाडू देईनात, म्हणून तो निघून गेला, असं सांगतात. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते, आणि क्लब हौशी. खिशात हात घालायची वेळ आली की हौशी खेळाडू कसा दुसरीकडे बघायला लागतो हे ज्याने संघासाठी वर्गणी गोळा केली आहे त्याला मी सांगायला नको. सामना ०-० असा सुटला, त्यामुळे निदान गोलावरून भांडण झालं नसावं. क्वीन्स पार्कने हे हौशीपण पुढे २०१९ पर्यंत धरून ठेवलं.

पण फोटोत जे येत नाही तेच मला जास्त आठवतं. टीव्हीवरच्या सामन्यात खेळाडू मुके असतात. त्यांचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू येतं ते समालोचकाचं. आमचा सामना आम्ही रेषेला चिकटून पाहायचो, आणि तो निम्मा ऐकण्याचा होता. नडगीवर बूट बसला की त्याचा आवाज व्हायचा. सेंटर हाफ शेवटच्या दहा मिनिटांत धापा टाकायला लागला की आमचीही छाती भरून यायची. राइट आउट, म्हणजे उजव्या कडेचा फॉरवर्ड, पळताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा. शिव्या की देवाचं नाव, ते शेवटपर्यंत कळलं नाही. गोलकीपर तर बोलायचा थांबायचाच नाही. ‘माझा!’ असं तो ओरडला की बॅक बाजूला व्हायचे, आणि मग बऱ्याचदा तो कोणाचाच नसायचा. आज ते चेहरे मला धूसर झालेत, पण डोळे मिटून तो ‘माझा!’ मी शंभर आवाजांतून ओळखेन.

चेंडूचाही आवाज बदलला आहे. नियमाप्रमाणे चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. पण नियमातलं ते सामना सुरू होतानाचं वजन, आणि चामड्याचा चेंडू सामना सुरू होतानाचा राहायचा नाही. पावसाळ्यात उत्तरार्धात तो ओल्या पोत्यासारखा व्हायचा. पडला की उसळायचा नाही, बसायचा. असा चेंडू गोलकीपरने मारला की आमचा सेंटर हाफ त्याच्याखाली डोकं द्यायचा, आणि एका क्षणासाठी सगळं मैदान डोळे बारीक करायचं. त्याहून जुने चेंडू लेसने आवळलेले असत. लेसची बाजू कपाळावर आली तर वळ उठायचा. आधीच्या पिढीतला आमचा विंगर क्रॉस असा द्यायचा की लेस हेडर करणाऱ्याच्या पलीकडे राहील, अशी एक कथा आहे. हीच कथा इंग्लंडचा नामांकित विंगर स्टॅन्ली मॅथ्यूज याच्याबद्दलही सांगतात. कोणी कोणाची उचलली ते ज्याने त्याने ठरवावं.

आता जुने खेळाडू आजच्यांपेक्षा भारी होते का? नव्हते. मला यात काही शंका नाही. आजची पोरं चेंडू पायात मऊ घेतात, दोन्ही पायांनी खेळतात, सामन्याआधी शरीर गरम करतात. आमच्यातले दोघे मध्यंतरात सिगारेट ओढायचे आणि उत्तरार्धात पळता येत नाही म्हणून रेफरीवर चिडायचे. एखादा डावखुरा खरंच देखणा खेळायचा, नाही असं नाही. पण त्याची आठवण निघते ती देखणेपणासाठी कमी आणि दुसऱ्या दिवशी तो कामाच्या ठिकाणी भेटायचा म्हणून जास्त. आदल्या दिवशी तीन जणांना चकवून गोल मारणारा माणूस सोमवारी काउंटरपलीकडे, डोळ्याखाली काळं घेऊन, आपल्याला कुठे सही करायची ते दाखवायचा. त्याला ‘काल काय मारलास!’ असं म्हणता यायचं. तो ‘इथे तारीख टाका’ म्हणायचा, पण कान लाल झालेले दिसायचे. कुठल्याही मोठ्या खेळाडूचे लाल झालेले कान आपल्याला दिसत नाहीत.

काही खेळाडूंना आजच्या मापाने मोजताच येत नाही, कारण त्यांचा हुन्नरच नियमाने बंद केला. आमचा एक फुलबॅक होता. पळायला बेताचा, हेडर करायचं तर आधी आजूबाजूला कोणी आहे का ते बघणारा. पण आमचा एक गोल झाला की सामना त्याच्या ताब्यात जायचा. तो चेंडू मागे गोलकीपरकडे द्यायचा. गोलकीपर हातात घ्यायचा, दोनदा आपटायचा, परत त्याच्याकडे लोटायचा. समोरचा फॉरवर्ड धावत आला की चेंडू पुन्हा गोलकीपरच्या हातात. हे असं चालू. समोरचे पेटायचे, त्यांचे लोक रेषेवरून वाट्टेल ते बोलायचे, आणि हा चेहऱ्यावर काही न दाखवता बूट पुसायचा. १-० ने जिंकलेल्या कित्येक सामन्यांचं श्रेय गोल करणाऱ्याला मिळालं. खरे तर ते सामने याने जिंकले होते. १९९२ साली नियम बदलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही असं ठरलं. खेळ चांगला झाला, हे मान्य. पण एका माणसाची जन्मभराची विद्या एका ओळीत गुन्हा ठरली. तो तेव्हा खेळायचा थांबलेला होता म्हणून बरं.

हे जुने लोक अजून सामने बघायला येतात. खुर्च्या मांडलेल्या असतात, पण बसत नाहीत. ज्याची जी जागा होती त्या अंगाला, रेषेबाहेर उभे राहतात. जुना राइट आउट उजव्या कडेला, जुना गोलकीपर गोलमागे. आणि आजच्या पोरांना ते ‘लेफ्ट इन कुठाय, लेफ्ट इन!’ असं ओरडतात. फॉरवर्डच्या रांगेतली, डावीकडची पण कडेच्या आतली, तसली जागा आता कोणी खेळत नाही. पोरं मान डोलावतात आणि आपलंच खेळतात.

सामना संपला की खरा सामना सुरू होतो: आजवरचा सर्वोत्तम संघ निवडायचा. गोलकीपर पटकन ठरतो. बॅकपर्यंत आवाज चढतात. हाफपाशी कोणीतरी उठून जायला निघतो, त्याला धरून बसवावं लागतं. इतकी वर्षं ऐकून माझ्या एक लक्षात आलंय: प्रत्येकाच्या संघातले बहुतेक खेळाडू त्याने स्वतःच्या बारा ते वीस या वयात पाहिलेले असतात. त्याच्या आधीचे ‘ऐकून आहे’, नंतरचे ‘बरे होते’. तेव्हा निवड समितीचं वय विचारलं की संघ न सांगता कळतो.

माझाही संघ ठरलेला आहे, आणि तोही त्याच वयाचा आहे. हाफ म्हणून अर्थातच तो पाळीवाला. सुटीची व्यवस्था आधी करून ठेवावी लागेल. फॉरवर्ड गुडघ्याच्या गोलवाला, कारण गोल तो गोल. आणि तो फुलबॅक हवाच, कोणी कितीही नाकं मुरडली तरी. माझी अट एवढीच, की सामना १९९२च्या आधीच्या नियमांनी खेळवायचा. नाहीतर दर पाच मिनिटांनी आमच्याच बॉक्समध्ये समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक, आणि तो कडेला उभा राहून शांतपणे बूट पुसत असेल.