निजवता येईना

दुपारी मशीनला स्लीपला धाडलं. स्क्रीन मिटली, पंखे थांबले, पॉवर बटणातला दिवा संथ लुकलुकू लागला. खुर्ची मागे सारून उठते तोच पंखे पुन्हा सुरू! स्क्रीन मात्र काळीच. धड झोप नाही, धड जाग नाही.

हॅकिंटॉश, म्हणजे ॲपलचं नसूनही ॲपलची मॅकोएस प्रणाली चालवणारं यंत्र, बाळगणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. २००६मध्ये ॲपलने इंटेलचे प्रोसेसर वापरायला घेतले आणि तेव्हापासून घरी जुळवलेल्या पीसीवर मॅकोएस चढवण्याचा हा उद्योग चालू आहे. ॲपलच्या परवान्यात बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. मॅकच्या पंखे-वीज सांभाळणाऱ्या एसएमसी चिपमध्ये तर 'आमच्या मेहनतीवर या शब्दांचा पहारा आहे, कृपया चोरू नका' अशा अर्थाची ओळच दडवून ठेवलेली आहे. त्या चिपचं सोंग घेणारं आपलं व्हर्च्युअलएसएमसी ती निमूटपणे म्हणून दाखवतं. असो.

पण मॅकोएस सुरू होणं ही आता बढाई मारण्याजोगी गोष्ट राहिली नाही. पीसीवर मॅकोएस सुरू करून देणारं ओपनकोर आहे, त्याच्या कॉन्फिग फाइलमधल्या ओळीन् ओळी समजावून सांगणारे लोक आहेत. पांढरं सफरचंद कुणालाही दिसतं. खरी परीक्षा पुढे. दोन हॅकिंटॉशवाले भेटले की प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं हे नंतर, आधी विचारणार, "स्लीप चालतं का?"

लहानपणी सुट्टीत आम्हा पोरांना दुपारी सक्तीने निजवायचे. डोळे मिटून, श्वास मुद्दाम लांब ओढत आम्ही पडून राहायचो. पापण्या थरथरणारे लगेच सापडायचे. माझा आतेभाऊ मात्र पक्का, ढिम्म हलायचा नाही. मग आत्या उंबऱ्यातूनच मोठ्याने म्हणायची, "खरा झोपलेला असेल त्याचा पाय हलतो हं." आणि चादरीखालून त्याचा पाय हळूच हलायचा. दर सुट्टीत तीच युक्ती, दर सुट्टीत तोच पाय.

मशीनचा पाय लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, हलतो. टर्मिनल उघडून पीएमसेट या आज्ञेने झोप-जागेचा लॉग काढायचा आणि 'वेक रीझन', म्हणजे उठण्याचं कारण, शोधायचं. माझ्याकडे उत्तर आलं, एक्सएचसी. म्हणजे यूएसबी. बहुतेक वेळा तेच असतं. मॅकोएस एका यूएसबी कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मानतं आणि निळं यूएसबी थ्री भोक दोन पोर्ट म्हणून मोजतं, एक जुन्या वेगाचा, एक नव्या. त्यामुळे बोर्डावरची भोकं बघता बघता हद्द ओलांडतात. मग एक जुना पेनड्राइव्ह, एक नवा पेनड्राइव्ह घेऊन टेबलाखाली वाकून बसायचं. हा खुपसला की यादीत कोण जागं झालं? तो खुपसला की कोण? कागदावर टिपणं करायची, नको ते पोर्ट गाळायचे. मागच्या भोकांचा क्रम हाताला पाठ होईपर्यंत हे चालतं, आणि मला ते, खरं सांगू का, आवडतं.

आजचा गुन्हेगार ब्लूटूथ निघाला. ते मॉड्यूल पेटीच्या आत असलं तरी जोडलेलं असतं यूएसबीवरच. पोर्टाचा प्रकार २५५, म्हणजे 'इंटर्नल', असं सांगितलेलं नसलं की मॅकोएसला वाटतं बाहेरून कुणी वायर काढली-लावली, आणि ते दचकून उठतं. आकडा बदलला. निजलं.

काळ्या स्क्रीनचं दुखणं वेगळं. सुरुवातीला कार्ड बसवल्यावर चित्रच येत नव्हतं. ॲपलचा ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी 'बोर्ड-आयडी' बघतो, हे यंत्र आपल्या ओळखीचं आहे का ते तपासतो आणि नको तिथे स्क्रीन बंद ठेवतो. व्हॉटएव्हरग्रीन या ग्राफिक्सच्या जोड-सॉफ्टवेअरला 'पिकेरा' असा निरोप दिला की ते त्या तपासणीतल्या 'बोर्ड-आयडी'चं 'बोर्ड-आयएक्स' करून टाकतं. एक अक्षर. पहारेकरी नसलेलाच कागद शोधत बसतो आणि इकडे चित्र उमटतं. ज्याला कुणाला हे पहिल्यांदा सुचलं असेल त्याला दंडवत.

जाग आल्यावरची काळी स्क्रीन मात्र अजून जात नाही. आवाजाची कळ दाबली की टुक टुक वाजतं, म्हणजे आत सगळं शाबूत. डिस्प्लेपोर्टची केबल उपसून पुन्हा खोचली की चित्र हजर. तेवढ्यासाठी दर वेळी टेबलामागे हात घालायचा.

भाची म्हणते, "मावशी, शट डाउन करत जा की." पोरीचं म्हणणं बरोबर आहे. पण मला ते पटत नाही. अर्धं लिहिलेलं वाक्य, उघडे पडलेले टॅब, मधेच थांबवलेलं गाणं, हे सगळं जसंच्या तसं परत मिळावं. झोपता येत नाही ते कसलं मॅक?

तसंही हे फार दिवसांचं नाही. २०२०मध्ये ॲपल स्वतःच्या चिपकडे वळलं, आणि मॅकोएस २६ म्हणजे ताहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती, हे २०२५मध्ये सांगूनही टाकलं. मग याच पेटीत लिनक्स टाकावं लागेल. करून बघितलंय मी. झटकन झोपतं, झटकन उठतं, चित्रासकट. तिकडे मन काही रमत नाही.