५६००जी विरुद्ध ५६००: तीन रात्री आणि एक वाकडी पिन

गेल्या महिन्यापासून घोळत होतो, ते शेवटी केलं. कोपरखैरण्याच्या एका मुलाकडून वापरलेला रायझन ५ ५६०० हा एएमडीचा प्रोसेसर घेतला. ट्रान्सहार्बरने ठाण्याला परत येताना प्रोसेसर त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत, डबी आईच्या चटणीच्या डब्यात आणि डबा पोटाशी. संध्याकाळच्या गर्दीत पाठीवरच्या सॅकवर माझा भरवसा नाही.

माझ्याकडे आधीपासून आहे ५६००जी, ग्राफिक्स पोटातच असलेला; साध्या ५६००ला ते नसतं. ग्राफिक्स कार्डांच्या किमती आभाळाला भिडल्या होत्या तेव्हा घेतलेला. दीड वर्ष त्याच्या आतल्या वेगा ग्राफिक्सवर ढकललं, मग आरएक्स ६६०० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड आलं. तेव्हापासून डोक्यात एकच किडा: कार्ड आल्यावर हा जी त्याला मागे ओढतोय का?

कागदावर बघाल तर प्रश्नच फालतू वाटेल. दोन्ही झेन ३ या एकाच घडणीचे, दोन्हींना ६ कोअर आणि १२ थ्रेड, दोन्हींचा बूस्ट (कमाल वेग) ४.४ गिगाहर्ट्झ, दोन्ही ६५ वॉटचे. उलट बेस क्लॉक जीचा ३.९ आणि साध्या ५६००चा ३.५, म्हणजे खोका वाचून घेणाऱ्याला जीच पुढे वाटणार. जी ऑगस्ट २०२१मध्ये दुकानात आला, ५६०० एप्रिल २०२२मध्ये. खरी गोम एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीत आहे: ५६००ला ३२ एमबी, जीला १६. जीच्या एकाच चिपवर कोअर, ग्राफिक्स, मेमरी कंट्रोलर असं सगळं बिऱ्हाड आहे, त्यामुळे कॅशच्या वाट्याची जागा गेली. ५६०० मात्र दोन तुकड्यांचा: कोअरची लहान चिप वेगळी, बाहेरच्या जगाशी बोलणारी आयओ चिप वेगळी. शिवाय कार्डाला जोडणाऱ्या पीसीआयईत जी ३.० वर अडकलेला, ५६००ला ४.० मिळतं.

पहिली रात्र जीचे आकडे घेण्यात गेली. बी५५० बोर्ड, दोन कांड्यांत १६ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम, प्रोसेसरच्या खोक्यासोबत आलेलाच छोटा कूलर. खोलीत ३१ अंश, एसी बंद. मे महिन्यात ठाण्यात २१ अंशांच्या खोलीतले आकडे बघून काय करायचंय?

मग कूलर काढायला घेतला आणि घात झाला. या प्रोसेसरांच्या एएम४ सॉकेटप्रकारात पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही. दोघांमधली वाळलेली थर्मल पेस्ट कूलरला घट्ट धरून बसते, आणि खेचलं की लिव्हर बंद असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर येतो. हे मला माहीत होतं. चार जणांना सांगितलंही होतं की आधी दहा मिनिटं लोड टाकून पेस्ट गरम करा, मग कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवा. स्वतः मात्र घाईत थंड मशीनवर हात घातला. टपकन आवाज, कूलरला लटकलेला जी, आणि १३३१ पिनांपैकी कोपऱ्यातली एक आडवी. शिसं काढलेल्या ०.५च्या मेकॅनिकल पेन्सिलीचं टोक पिनवर चढवून सरळ केली. अर्धा तास लागला. श्वास नंतर घेतला.

५६०० बसवल्यावर बोर्डाने विचारलं की प्रोसेसर बदललाय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करू का? डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लावलं असेल तर हो म्हणण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर डेटाच्या दाराबाहेर बसावं लागेल. माझं नव्हतं, सुटलो.

दुसरी रात्र सगळी वाया. सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी बरी आली, पण फॅक्टोरिओ या कारखान्याच्या गेममधली माझी मोठी सेव्ह चालवली तर नवा ५६०० जीच्याही मागे! ही सेव्ह मी मुद्दाम ठेवली आहे. हजारो पट्टे आणि यंत्रमानव एकाच वेळी हलतात, त्या पसाऱ्यात प्रोसेसर सतत मेमरीत काहीतरी शोधत बसतो, म्हणजे कॅशची खरी परीक्षा. गेमने सेकंदाला ६० अपडेट करायला हवेत, त्याला खेळणारे यूपीएस म्हणतात. ‘‘यूपीएस ४० वर आला,’’ असं मी ओरडलो तर आई बॅटरीचा दिवा बघायला गेली.

मला वाटलं, त्या मुलाने गंडवलं. त्याला खरमरीत मेसेजही लिहिला, नशीब पाठवला नाही. मग आयडा६४ या प्रोग्रॅमने मेमरीचा वेग मोजला: वाचन ३१ जीबी प्रतिसेकंद, लेखन १७. दोन कांड्यांच्या ३२०० रॅमची कागदी मर्यादा ५१.२ असते, तिथे ३१ म्हणजे रॅमच झोपलेली. बायोस (बोर्डाची सेटिंग्ज) उघडला तर नवा प्रोसेसर बघून बोर्डाने एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, काढून टाकलेलं आणि रॅम २१३३ वर. तीन मिनिटांचं काम, गेली अख्खी रात्र.

एक्सएमपी लावल्यावर वाचन ४७ वर गेलं, लेखन मात्र २५.६ वर येऊन थांबलं. जी याच रॅमवर ४८च्या आसपास लिहितो. परत छातीत धस्स. पण हा बिघाड नाही, घडणच तशी आहे. ५६००ची कोअर चिप आयओ चिपकडून एका ठोक्याला ३२ बाइट वाचते पण १६च लिहिते. ३२०० रॅमला फॅब्रिक, म्हणजे चिपांना जोडणारा रस्ता, १६०० मेगाहर्ट्झवर चालतं, १६०० गुणिले १६, झाले २५.६ जीबी. जीचं सगळं एकाच चिपवर असल्याने त्याला हा उंबरठाच नाही. म्हणजे मेमरीच्या चाचणीत जी जिंकतो! नुसत्या या आकड्यावरून कुणी ५६००ला नावं ठेवली, तर त्याला चहाला बोलवा आणि पुढचं वाचून दाखवा.

तिसऱ्या रात्री सगळं पुन्हा मोजलं, प्रत्येक चाचणी तीनदा.

सिनेबेंच आर२३च्या दहा मिनिटांच्या फेरीत जी १०,६४०, ५६०० १०,९७०. हँडब्रेकने मामेभावाच्या लग्नाचा व्हिडिओ एक्स२६४मध्ये बदलला: ४२ मिनिटांच्या जागी ४१. एवढ्यासाठी कोपरखैरण्याला जायचीही गरज नव्हती. कोअर आपापल्या लहानशा कामात गुंग असले की जास्तीची कॅश बघ्यासारखी उभी राहते.

फॅक्टोरिओत मात्र जी ४४, ५६०० ५३. कोअर तेच, क्लॉक तोच. काउंटर-स्ट्राइक २च्या डस्ट २ बेंचमार्क मॅपवर, १०८०पी आणि कमी सेटिंगला, सरासरी १८४ वरून २१६. आपल्यातले बरेच जण सरासरी लिहून मोकळे होतात, मला त्याखालचा आकडा जास्त बोलका वाटतो. सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग ७४ वरून ९५ झाला. म्हणजे धुराच्या गोळ्यात चार जण एकदम घुसले की जी एका फ्रेमला साडेतेरा मिलिसेकंद खायचा, ५६०० साडेदहा खातो. हाताला कळतं ते हेच. सरासरीतला फरक माझ्या ७५ हर्ट्झच्या जुन्या मॉनिटरवर दिसतही नाही.

हा फरक कॅशचा की पीसीआयईचा, ही शंका होतीच, कारण आरएक्स ६६०० पीसीआयईच्या आठच लेनवर (मार्गिकांवर) चालतं. म्हणून ५६०० ठेवून बायोसमध्ये स्लॉट जेन ३ (पीसीआयई ३.०) वर आणला आणि तोच मॅप फिरवला. २१४ आले. दोन फ्रेमचा फरक मी पंख्याच्या वाऱ्यातही धरत नाही. चार लेनचं आरएक्स ६५०० एक्सटी असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

तापमानात ५६०० वाईट. त्याच कूलरवर जी ७६ अंश, हा ८४. कोअरची चिप लहान, सुमारे ८० चौरस मिलिमीटरची, तीही झाकणाखाली एका बाजूला, त्यामुळे उष्णता एकाच जागी उकळते. निवांत असतानाही आयओ चिप जागीच असते. प्लगमीटरवर जीचं मशीन ४० वॉटवर बसायचं, हे ५२ वर. रोज आठ तास धरले तर महिन्याला जेमतेम तीन युनिटं जास्त. दिवसभर मशीन नुसतं उघडं ठेवणाऱ्याने हे धरावं, गेम खेळणाऱ्याने सोडून द्यावं.

शेवटी जी परत बसवून एक फेरी मारली, मुख्यतः त्या पिनेसाठी. वाकडी पिन नीट टेकली नाही तर कधी कधी एक मेमरी चॅनलच गायब होतो. दोन्ही दिसले, आकडेही पहिल्या रात्रीचेच आले.

आता ५६०० माझ्याकडे आणि जी बाबांच्या मशीनमध्ये. त्यांना सोसायटीचे हिशोब आणि यूट्यूबवरची भजनं लागतात, कार्ड लागत नाही, आणि कार्डाशिवाय तो डबा २४ वॉटवर शांत बसतो. तिथे मी ५६०० फुकट मिळाला तरी लावणार नाही, पडद्यावर चित्रच येणार नाही.

राहिलं एक: ३६०० रॅम, फॅब्रिक १८०० वर. लेखन २८.८ वर जायला हवं, फॅक्टोरिओला किती मिळेल ते बघायचंय. माझ्या कांड्या ३४६६च्या पुढे सुरूच होत नाहीत. ठाणे, कळव्यात किंवा ऐरोलीपर्यंत कुणाकडे ३६००ची जोडी असेल तर एका रविवारपुरती द्या. चटणीचा डबा घेऊन येतो.