चिंचोक्यांनी टाळलेली जागा

जमिनीवर नकाशा पसरायचा आणि लोकांना त्यावर खुणा करायला लावायच्या, हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. मी लँडस्केप आर्किटेक्ट. बाग असो, नदीकाठ असो की तळ्याभोवतीचा रस्ता, हल्ली प्रत्येक कामाच्या कागदात 'लोकसहभाग' असतोच. बहुतेक ठिकाणी तो एक हजेरीपत्रक, एक फोटो आणि दोन समोशांत उरकतो. चोडणला तो उरकेना.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी अधूनमधून शिकवते. त्या सत्रात त्यांना गोव्यातल्या चोडण बेटाचं पश्चिम टोक दिलं होतं. रायबंदरहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागतं. १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. खारफुटीतून जाणारी एक पायवाट, एक मनोरा, आणि कांदळ-तिवरांच्या मुळांत अडकलेला चिखल. या टोकाचा आणि धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेचा मिळून एक आराखडा करायचा होता: लोकांनी कुठून यावं, कुठे थांबावं, कुठे जाऊच नये. अभ्यासापुरतंच काम, पण कागद पंचायतीला द्यायचं ठरलं होतं. त्यामुळे मुलं जरा दबून होती.

त्यांनी घरून एक आराखडा काढून आणला होता. पायवाट पुढे वाढवून वळसा घालून परत आणलेली, आणि वळशाच्या टोकाला पाण्यावर लाकडी सज्जा. कागदावर सुंदर दिसत होता, हे मान्य करायला हवं.

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही उपग्रहातून घेतलेला फोटो सतरंजीएवढा छापून अंथरला. नववीचा एक वर्ग, आमची मुलं आणि गावातली माणसं त्याभोवती बसली. खुणांना रंगीत टिकल्या नेल्या नव्हत्या. टिकली एकदा चिकटवली की माणूस मत बदलत नाही, आणि वयस्क मंडळी तर चिकटवायलाच कचरतात. म्हणून चिंचोके आणि सुक्या मिरच्या. तुम्ही जाता तिथे चिंचोका, बाहेरच्यांनी येऊ नये तिथे मिरची. मिरच्या पाहून हशा पिकला आणि मग हात मोकळे झाले.

पहिला दणका सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी दिला. सज्जाच्या जागी काठी टेकवून म्हणाले, "हांगा बसून कितें पळयतले हे?" इथे बसून काय बघणार हे? मग मराठीत, मुलांना समजेल असं हळूहळू सांगू लागले. आज खारफुटी आहे तिथे पूर्वी शेतं होती, खाजन, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली. खाऱ्या पाण्यात तग धरणारं कोरगुट भात व्हायचं. बांध फुटले, भरतीचं पाणी आत आलं, कुणी डागडुजी केली नाही आणि तिवरांनी जागा घेतली. मग त्यांनी मानसाची गोष्ट काढली. मानस म्हणजे बांधातलं दार. त्याच्या लाकडी फळ्या भरतीच्या पाण्याच्या रेट्यानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात. मुलांचा वळसा नेमका अशाच एका जुन्या मानसाच्या तोंडावरून जात होता.

"भरतीला तुमचे पाहुणे पोहत येणार काय?"

गोव्यात भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला २ मीटरच्या आसपास जातो. मुलांना हा आकडा पाठ होता. पण फोटो ओहोटीचा आहे, हे त्यांच्यापैकी कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते नववीतल्या एका मुलानं. तो पुढे म्हणाला की फाटकावर 'सकाळी इतके ते संध्याकाळी इतके' असं लिहून उपयोग नाही. चिखल उघडा पडला की निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, बाहेर येतात, मग तुतवार पक्षी येतात, खंड्या येतो. आणि ती वेळ रोज पाऊण-एक तासानं सरकते. फेरीबोटीच्या धक्क्यावर रोज त्या दिवसाची ओहोटी खडूनं लिहा, म्हणजे पाहुणे हात हलवत परत जाणार नाहीत. आमच्या मुलांनी या विषयावर वीस पानांचं वाचन केलं होतं, आणि त्यात हे नव्हतं.

जेवणाच्या सुमारास खुणांचा फोटो काढताना आमची एक विद्यार्थिनी माझ्याजवळ आली. "मॅडम, इथे काहीच नाही. चिंचोका नाही, मिरची नाही." किनाऱ्याचा एक छोटा तुकडा कोरा होता. सकाळच्या फेरीत तिनं तिथे चिखलात पावलं पाहिली होती, एकदोघांची नव्हेत, रोजच्या वहिवाटीची. तिनं सगळ्यांना मोठ्यानं विचारलं. कुणी चहाचं बोलू लागलं, कुणी फेरीबोटीचं. बायका एकमेकींकडे पाहून गप्प राहिल्या.

मीही विषय तिथेच सोडला. पण नळावर हात धुताना एका आजींनी माझ्या विद्यार्थिनीला बाजूला घेतलं. तिथे त्या ओहोटीला तिसऱ्या आणि खुबे, म्हणजे खायचे शिंपले, काढतात. आई काढायची, सासू काढायची. "नकाशावर आलं की सगळे येणार. आणि फॉरेस्टवालेही येणार."

दुसऱ्या वाक्यात खरी मेख होती. अभयारण्याच्या हद्दीतून परवान्याशिवाय काहीही काढायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. तो तुकडा हद्दीच्या आत की बाहेर, हे पाण्यात उभ्या असलेल्या बाईला कसं कळणार? आम्ही घरी जाऊन फोटो आणि हद्दीचा नकाशा एकमेकांवर ठेवले तेव्हा तो बाहेर निघाला, पण हातभरच. आम्ही चिंचोका ठेवला असता तर आमचा नकाशा उद्या कुणाच्या तरी हातात पुरावा म्हणून गेला असता. (तुकडा नेमका कुठला, ते याच कारणानं इथेही लिहीत नाही.)

परतीच्या फेरीबोटीत मुलांचं कडाक्याचं भांडण झालं. एक गट म्हणे, मिळालेली माहिती दडवणं ही अप्रामाणिक गोष्ट आहे. दुसरा म्हणे, ती माहिती आपली नाहीच. माझं मत दुसऱ्या बाजूला होतं आणि मी ते लपवलं नाही. सहभागाच्या नावाखाली माणसाकडून सगळं काढून घ्यायचं आणि मग कपाटात ठेवायचं, हे मी पुरेसं पाहिलं आहे. पण पहिल्या गटाचा एक मुद्दा मला मानावा लागला. तिथे काहीच नाही असा खोटा नकाशाही देता येत नाही.

शेवटी वळसा रद्द झाला. सज्जा धक्क्याच्या बाजूला, आधीच वर्दळ असलेल्या ठिकाणी आणला. धक्क्यावरच्या ओहोटीच्या वेळेचा फळा पहिल्या पानावर घेतला, सुचवणारा म्हणून त्या मुलाच्या वर्गाचा उल्लेख केला. कोऱ्या तुकड्याजवळून एकही वाट न्यायची नाही असं ठरलं, आणि पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ घातली: रहिवाशांच्या सांगण्यावरून काही वापर नकाशात दाखवलेले नाहीत.

पंचायतीला देण्याआधी ही ओळ माझ्या विद्यार्थिनीनं त्या आजींना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा ऐकली. म्हणाल्या, "चालेल. पण दाखवायचंच असेल तर दाखव ना, त्या पलीकडच्या बाजूला दाखव. तिथे काही मिळत नाही."