तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लंडच्या थंड पावसात सायकलवर काय घालावे?

पुण्याहून किंवा नाशिकहून मँचेस्टरला शिकायला वा नोकरीला आलेली, आणि तिकडे सायकल चालवण्याची सवय असलेली मंडळी ऑक्टोबर संपत आला की मला हमखास एक प्रश्न विचारतात: इथल्या हिवाळ्यात, तेही पावसात, रस्त्यावर सायकल चालवायची तर अंगावर नेमके काय घालायचे? एखाद्या चांगल्या रेनकोटचे नाव कळले की काम झाले, अशी त्यांची बहुधा अपेक्षा असते. माझे उत्तर मात्र रेनकोटपासून सुरू होत नाही, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

पावसाचे आपल्याला अप्रूप नाही. जुलैत ताम्हिणी घाटात सायकल चालवलेल्या माणसाला मँचेस्टरचा पाऊस किरकोळ वाटेल, आणि आकडेही तेच सांगतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मँचेस्टरला 850 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुणे शहरापेक्षा थोडासाच अधिक. फरक आहे तो तापमानाचा. घाटातला पाऊस चिंब भिजवतो, पण हवा 22-23 अंशांची असते, त्यामुळे एका पातळ जर्सीवर दिवस निभावतो. इथे डिसेंबर ते फेब्रुवारीत भर दुपारी पारा 6 ते 8 अंशांपर्यंत जेमतेम चढतो, आणि शहर सोडून पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ रस्त्यांवर गेले की त्यातूनही दोन-तीन अंश वजा होतात. पावसाळ्यातला आपला अनुभव इथे कामाला येत नाही तो यामुळेच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, या हवेत कोरडे राहण्यासाठी कपडे निवडू नयेत. ओले झाल्यावरही ऊब टिकेल असे कपडे निवडावेत. दोन-तीन तासांच्या फेरीत तुम्ही भिजणारच. बाहेरून पावसाने भिजाल, आणि पाऊस पूर्ण अडवणारे काही घातलेत तर आतून घामाने भिजाल. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने शरीराची उष्णता वाहून नेते. त्यात वारा मिळतो. हवा 5 अंशांची असताना ताशी 30 किलोमीटर वेगाने गेले तर उघड्या त्वचेला ती 0 अंशांसारखी लागते, आणि हा हिशेब कोरड्या त्वचेचा आहे. कपड्यातले पाणी अंगावरच वाळते तेव्हा त्यासाठी लागणारी उष्णता बरीचशी शरीरातूनच जाते. 100 मिलिलिटर पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे 58 किलोकॅलरी लागतात. तेव्हा अंगालगत पाणी साचू न देणे आणि ओल्या कपड्यापर्यंत वारा पोहोचू न देणे, ही दोन कामे जमली की बाकीचे पुष्कळसे सोसता येते.

यांतले पहिले काम अंगालगतच्या कपड्याचे. दुकानात त्याला बेस लेयर म्हणतात, आणि माझ्या मते साऱ्या खरेदीत हाच कपडा सर्वांत महत्त्वाचा. सुती बनियन किंवा टी-शर्ट यासाठी अजिबात चालत नाही, कारण सुती कापड पाणी धरून ठेवते, अंगाला चिकटते आणि तासन् तास वाळत नाही. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ काहीच पाणी शोषत नाही. पाणी धाग्यांच्या फटींत राहते आणि लवकर बाहेर पडते, म्हणून तासाभराच्या जोरकस फेरीला पॉलिएस्टर उत्तम. लांबच्या, संथ आणि सतत ओल्या राहणाऱ्या फेरीसाठी मात्र मी मेरिनो लोकरच घालते. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतकी वाफ ओली न वाटता सामावून घेतो आणि ती शोषताना थोडी उष्णताही सोडतो. आषाढाच्या झडीत मेंढ्यांमागे दिवसभर चालणारे धनगर खांद्यावर घोंगडी घेतात ते याच गुणामुळे, हे आपल्या माणसांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लोकरीला घामाचा वासही लवकर लागत नाही, ही आणखी एक सोय.

बेस लेयर अंगासरशी बसणारा हवा. सैल कपड्याचा त्वचेशी संपर्क राहत नाही आणि घाम जिथल्या तिथे राहतो. जाळीदार विणीचे बेस लेयरही मिळतात. ही कल्पना नॉर्वेची, मासेमारीच्या जाळ्यावरून सुचलेली. जाळीच्या भोकांत हवा कोंडून राहते आणि वरचा ओला कपडा अंगाला टेकत नाही. दिसायला तो विचित्र वाटतो, पण बरोबरीच्या कोणी त्याविषयी विचारले की मी तो निःशंकपणे घ्यायला सांगते.

आता जॅकेट. पूर्ण जलरोधक आणि तरीही वाफ बाहेर सोडणारे कापड, ही किमया 1969 मध्ये बॉब गोअर यांनी एक प्लास्टिक झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला तेव्हा शक्य झाली. गोअर-टेक्स ते हेच. पण या पडद्याला आपली मर्यादा आहे. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या आर्द्रतेत फरक असेल तरच, आणि चढावर जोर लावणारा माणूस तासाला अर्धा लिटरहून अधिक घाम सहज गाळतो. शिवाय जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर पाणी थेंबाथेंबाने घरंगळावे म्हणून एक लेप दिलेला असतो. तो झिजला की बाहेरचे कापड पाणी पिते आणि ओल्या फडक्यासारखे जड होऊन पडद्याची छिद्रे जणू झाकून टाकते. मग आत जमलेला घाम पाहून लोक म्हणतात, जॅकेट गळते. बहुतेक वेळा ते गळत नसते. ते खास साबणाने धुवावे, फॅब्रिक सॉफ्टनर चुकूनही वापरू नये, लेप पुन्हा द्यावा आणि लेबलवर परवानगी असेल तर मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवावे. थेंब पुन्हा घरंगळू लागतात. अलीकडे अनेक कंपन्यांनी या लेपातली फ्लोरिनयुक्त रसायने सोडली आहेत. पर्यावरणासाठी ते योग्यच झाले, पण नवे लेप लवकर झिजतात, म्हणून ही धुलाई पूर्वीपेक्षा वारंवार करावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण जलरोधक नसलेले, पण वारा अडवणारे आणि पावसाला बराच वेळ दाद न देणारे घट्ट जॅकेट. या प्रकाराची खरी परीक्षा 17 मार्च 2013 रोजी इटलीतल्या मिलान–सान रेमो या सायकल शर्यतीत झाली. वाटेतल्या तुर्किनो खिंडीत इतका बर्फ पडला की शर्यत मध्येच थांबवून सायकलपटूंना बसने पुढे न्यावे लागले. त्या दिवशी कास्टेली कंपनीचे गॅबा हे जॅकेट इतर कंपन्यांशी करार असलेल्या खेळाडूंनीही त्यावरचे नाव झाकून घातले होते. भिजून गारठलेल्या माणसाला प्रायोजकापेक्षा ऊब मोठी वाटली, यात नवल नाही. सलग हलत राहायचे असेल तर मी स्वतः हाच प्रकार पसंत करते आणि पातळ जलरोधक जॅकेट गुंडाळून पाठीच्या खिशात ठेवते. रोज कामावर जाण्यासाठी, जिथे सिग्नलला थांबावे लागते आणि वेग कमी असतो, तिथे पूर्ण जलरोधक जॅकेट बरे. दोन्हींत एक गोष्ट पाहून घ्यावी: पुढे वाकून बसल्यावर पाठीचा खालचा भाग झाकला जातो का, आणि बाह्या मनगटापर्यंत पुरतात का. दुकानात ताठ उभे राहून ते कळत नाही. हात पुढे करून, कमरेत वाकून पाहावे लागते.

कपड्यांइतकेच ते कधी उघडायचे आणि कधी बंद करायचे याला महत्त्व आहे. मॅकल्सफील्डहून बक्स्टनकडे जाणारा कॅट अँड फिडलचा रस्ता इथल्या सायकलस्वारांच्या आवडीचा. सुमारे 11 किलोमीटरचा चढ, माथा 515 मीटरवर. चढताना वेग कमी, म्हणून वारा नाही, आणि कष्ट जास्त, म्हणून घाम. उतरताना नेमके उलटे: पाय थांबलेले, वेग ताशी 50 किलोमीटरचा, आणि चढावर भिजलेला बेस लेयर अंगाला लागलेला. हिवाळ्यातली बहुतेक हुडहुडी या उतारावरच भरते. म्हणून चढाच्या पायथ्याशीच जॅकेटची चेन अर्धी उघडावी, जाड टोपी काढावी, पावसाची रिमझिम असली तरी. माथ्यावर पोहोचल्यावर मात्र क्षणभरही रेंगाळू नये. अंगात ऊब आहे तोवरच बिनबाह्यांचे विंडचीटर आणि त्यावर पातळ जॅकेट चढवून, गळ्यापर्यंत चेन ओढून निघावे. घरातून निघतानाही पहिली दहा मिनिटे थोडे गार वाटले पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले आहेत.

हातांविषयी मला विशेष काळजी वाटते, कारण इथे प्रश्न केवळ त्रासाचा नसून ब्रेक दाबता येण्याचा आहे. 20 एप्रिल 1980 रोजी फ्रेंच सायकलपटू बेर्नार इनो यांनी बर्फवृष्टीत बेल्जियममधली लिएज–बास्तोन–लिएज ही शर्यत नऊ मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली. निघालेल्या 174 जणांपैकी फक्त 21 जण शेवटपर्यंत पोहोचले, आणि इनो यांच्या दोन बोटांना त्या दिवसाने कायमची इजा केली. इतक्या टोकाला आपण जाणार नाही, पण शरीराची रीत तीच असते: धड गारठू लागले की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडते. म्हणजे बोटे गार पडत असतील तर केवळ जाड हातमोजे घेऊन भागत नाही. छाती आणि मान उबदार ठेवावी लागते.

हातमोज्यांत मी पावसासाठी निओप्रीनचे वापरते. पाणबुडे घालतात तेच हे बंद पेशींचे रबर. ते भिजते, हातही ओले होतात, पण वारा आत शिरत नाही आणि आतले पाणी अंगाच्या उबेने कोमट राहते. जाड अस्तराच्या जलरोधक हातमोज्यांची एक अडचण दुकानात लक्षात येत नाही. वाटेत पंक्चर झाले की हातमोजे काढावे लागतात, आणि ओल्या हाताबरोबर अस्तराची बोटे उलटी होऊन बाहेर येतात. गारठलेल्या बोटांनी ती एकेक करून आत ढकलताना अस्तर वळते, गोळा होते, आणि हात पुन्हा आत जातच नाही. म्हणून अस्तर बोटांच्या टोकाशी शिवलेले आहे का, हे ओढून पाहावे. हातमोज्यांची दुसरी कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवावी. बाकी सारे सामान कमी करावे लागले तरी हिला हात लावू नये.

पायांची गोष्ट थोडी वेगळी. पायांवर पाणी आभाळातून कमी आणि पुढच्या चाकावरून जास्त येते. त्यामुळे लांब, खाली रबरी पट्टी असलेले मडगार्ड हा माझ्या लेखी कपड्यांचाच भाग आहे. मागच्याला तोंडावर चिखल बसू नये म्हणून अनेक क्लब हिवाळी फेरीला ते आवश्यकच मानतात. बुटांवर निओप्रीनचे ओव्हरशूज घालावेत. त्यांच्या तळाला क्लीटसाठी, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या खुंटीसाठी, भोक असते, तिथून पाणी शिरतेच, पण खरी चूक वरच्या बाजूला होते. ओव्हरशूजची कड टाइट्सच्या, म्हणजे पायांना घट्ट बसणाऱ्या लांब विजारीच्या, वर घेतली तर पोटरीवरून ओघळणारे पाणी थेट बुटात उतरते. कड टाइट्सच्या आत घ्यावी, कौलावर कौल येते तशी, म्हणजे पाणी बाहेरून निथळून जाते. पायमोजे लोकरीचे आणि एकच घालावेत. दोन जोड कोंबले की बूट आवळतो, रक्त खेळत नाही आणि पाय अधिकच गार पडतात.

टाइट्स आतून मऊ लव असलेल्या आणि खांद्यावर पट्टे असलेल्या असाव्यात, म्हणजे कंबर उघडी पडत नाही. बायकांनी मागून उघडणारी रचना असलेल्या पाहाव्यात. पावसात रस्त्याकडेला किंवा कॅफेच्या अरुंद स्वच्छतागृहात तीन ओले कपडे उतरवण्याची वेळ येऊ नये. डोक्याला हेल्मेटखाली छोट्या छज्ज्याची सायकलची टोपी पुरते; छज्जा पावसाला डोळ्यांपासून दूर ठेवतो. गळ्याला पातळ लोकरीचा बफ, म्हणजे डोक्यावरून घालायची नळीसारखी गळपट्टी.

रंगाविषयी थोडेसे. डिसेंबरात इथे चारच्या आधी सूर्य मावळतो. फ्लुरोसंट पिवळा रंग दिवसाच्या मळभात उठून दिसतो, पण अंधारात रस्त्यावरच्या दिव्याखाली तो काही विशेष करीत नाही. तिथे मोटारीचा प्रकाश परतवणारी पट्टी लागते. ती घोट्यांवर असावी, कारण वरखाली होणाऱ्या पायांवरून चालकाला समोर सायकलस्वार आहे हे चटकन कळते.

विद्यार्थ्यांना सारे एकदम घेणे परवडत नाही, याची मला जाणीव आहे. त्यांना मी हा क्रम सांगते: आधी मडगार्ड आणि लोकरीचा बेस लेयर, मग हातमोजे आणि ओव्हरशूज, त्यानंतर साधे विंडचीटर, आणि महागडे जॅकेट सगळ्यांत शेवटी, शक्यतो फेब्रुवारी-मार्चमधल्या सेलमध्ये.

एका बाबतीत मात्र कोणताही कपडा उपयोगी पडत नाही. रात्री पाऊस पडून गेला असेल आणि पहाटे पारा 2-3 अंशांवर किंवा त्याखाली उतरला असेल, तर रस्त्यावर बर्फाचा पारदर्शक थर बसू शकतो, विशेषतः झाडांच्या सावलीत आणि पुलांवर. तो डोळ्यांना केवळ ओला रस्ता वाटतो. अशा दिवशी मी दहा-अकरापर्यंत थांबते, बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारी गाडी फिरलेल्या मोठ्या रस्त्यानेच जाते, आणि उन्हाने काम केले नसेल तर सायकल बाहेर काढत नाही.